टॅबलेट आणि महाविद्यालयीन विद्यार्थी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात यंदापासून शाल-श्रीफळाऐवजी टॅबलेट द्यावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. तीसंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. टॅबलेट म्हटले की आमच्या वयाच्या माणसांस प्रथम रक्तदाबाची गोळी आठवते, हे आरंभीच सांगून टाकतो.

या साधनाची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. ज्याच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकीच्या ग्रंथाचे एक पान वाचताना ते बोटाने चारी दिशांना सरकवावे लागते. आकृती एकीकडे राहते, स्पष्टीकरण दुसरीकडे. दहा इंची टॅबवर तेच पान सबंध दिसते. रसायनशास्त्रातील सूत्रे कळफलकावर लिहिणे जिकिरीचे. टॅबवर ती लेखणीने वहीप्रमाणे लिहिता येतात. प्राध्यापकांनी टॅबवर सोडविलेले उदाहरण भिंतीवर साऱ्या वर्गास दिसते आणि तास संपल्यावर पुसलेही जात नाही. आमच्या खडू-फळ्यास हे कधी साधले नाही! अंध विद्यार्थ्यास मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोयही त्यात आहे. प्रबंध टंकलिखित करावयाचा असेल तर मात्र लॅपटॉपच हवा.

परंतु साधन हाती आले म्हणजे विद्या आली, असे होत नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब मोठ्या समारंभाने दिल्लीत प्रसिद्ध केला. त्याची स्मृती अवघी २५६ एमबी, आणि पडदा बोटाने दाबल्यावाचून प्रतिसाद देत नसे. पुढे ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारलेला ‘आकाश-२’ आला. त्या कामी मुंबईच्या आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांनी, टॅबने शिकवावे कसे, हे देशभरच्या महाविद्यालयीन अध्यापकांना कार्यशाळा घेऊन शिकविण्यावर भर दिला. आमच्या मते त्या सर्व खटाटोपातील हाच भाग मोलाचा होता. योजना काही वर्षांतच मागे पडली.

म्हणून टॅबमध्ये काय भरावयाचे, हा प्रश्न खरेदीच्या आधीचा. आयआयटीच्या प्राध्यापकांची ‘एनपीटीईएल’ची व्याख्याने विनामूल्य आहेत. ९ जुलै २०१७ पासून ‘स्वयम्’वर पदवी अभ्यासक्रमही उपलब्ध झाले. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील संगणकशिक्षणाचे पुष्कळ पाठ मराठीत आहेत. मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर आहेत. २०२० च्या टाळेबंदीत खेड्यांतील मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा व्याख्याने वसतिगृहात एकदाच उतरवून द्यावीत. घरी इंटरनेट नसले तरी अडणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आपला शिक्षणनिधी वर्गणीतून उभा राहिला. त्यात सधनांच्या देणग्या आहेत, तशीच मोलमजुरी करणाऱ्यांची दहा-वीस रुपयांची वर्गणीही आहे. पहिला क्रमांक मिळविणाऱ्याच्या घरी बहुधा लॅपटॉप असतोच. त्यास आणखी एक टॅब दिला तर समारंभाचे छायाचित्र उत्तम येईल. पण ज्याच्या घरी दोन भावंडांत एक मोबाइल आहे, त्याच्या पदरी काय पडेल? राज्य शासनाच्या ‘महाज्योती’ने इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी टॅब दिले आहेत, ज्यांना ते मिळाले, त्यांचाही विचार आधी नको.

यास्तव टॅब बक्षीस म्हणून न देता, पुस्तकपेढीप्रमाणे ‘टॅबपेढी’ काढावी, अशी आमची सूचना आहे. पदवी पूर्ण होईतो टॅब विद्यार्थ्याकडे राहावा, नंतर तो पुढील विद्यार्थ्याकडे जावा. निवड गुणांवर नको, गरजेवर व्हावी. गुणवंतांस शाल-श्रीफळ आणि एक चांगला ग्रंथ द्यावा. त्यात त्यांचा मान कमी होत नाही.

कोणी म्हणेल, टॅब फुटून परत येतील. येतील! पुस्तकपेढीची पुस्तकेही पाने फाटून येतात. म्हणून आपण पेढी बंद केली नाही. प्रत्येक टॅबला जाड आवरण घालावे, त्यावर क्रमांक टाकावा, दर सहामाहीस तो वसतिगृहात आणून दाखविण्याची अट घालावी. नोंदवही ठेवण्याचे काम मंडळाने सोपविल्यास आम्ही आनंदाने करू.