तपास गावापासून सुरू होतो
(अकोले तालुक्यातल्या बैठकीतलं भाषण)



2022 मध्ये इगतपुरीच्या उभाडे गावची कातकरी लेकरं आपल्या नगर जिल्ह्यात संगमनेर, पारनेरकडं मेंढ्या वळायला ठेवलेली निघाली. एक पोरगी मेली, तेव्हा कुठं बोभाटा झाला.

पोलिसांना या तपासाचं ट्रेनिंग द्या, ही आपली मागणी हायेच. नुसतं 'मारलं का?' विचारून भागत नाही. उचल किती, दिली कुणी, दलाल कोण, हे विचारलं पाहिजे. आईबाप राजी होते म्हणून गुन्हा मिटत नाही. 1976 च्या वेठबिगार कायद्यात, कर्ज वेठीचं नाही हे मालकानंच सिद्ध करायचं असतं.

पण पोर गावातून गेलं, हे पहिलं आपल्यालाच कळतं. त्याच दिवशी लिहून ठेवा. 1098 ला फोन करा. सुटलेल्या पोराचा मुक्तीचा दाखला घ्याच.

जिंदाबाद!