दुसरं पाकीट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आठवणी भरपूर झाल्या. मला एका कामाच्या गोष्टीवर बोलायचंय. आपल्या वर्गातल्या तिघीजणींचा बचत गट लेकरांसाठी ज्वारीचा खाऊ काढणार आहे. रंगीत, प्राण्यांच्या आकाराचा, पाकिटात खेळणं घातलेला. मशीनसाठी कर्ज काढायचं चाललंय, म्हणून आजच सांगते. लेकरांचा नवलाईचा खाऊ पहिल्या पाकिटाला पडत नाही, दुसऱ्याला पडतो.

अमेरिकेत हाइन्झ कंपनीनं २००० साली लेकरांसाठी हिरवं टोमॅटो केचप काढलं. लहान हातात मावणारी बाटली, ताटात चित्र काढता येईल असं बारीक तोंड. लेकरांनी डोक्यावर घेतलं. अडीच कोटींवर बाटल्या खपल्या. मग जांभळा, गुलाबी, निळा असे रंग आले, आणि २००६ मध्ये सगळं बंद. माझ्या मते कारण साधं आहे. नवा होता तो रंग, आणि रंगाची नवलाई बाटलीच्या आधी संपते. उरलेली निळी बाटली बघत बसते ती आई. दुसरी बाटली घ्यायची की नाही, हे तीच ठरवते.

याउलट आपल्या लहानपणचं रसना आठवा. जाहिरातीतली छोटी मुलगी लेकरांना आवडायची, पण पाच रुपयांत बत्तीस ग्लास हा हिशेब आईला पटायचा. उन्हाळ्यात पाहुणे आले तरी पुरायचं. घरात त्याला जागा होती.

खेळण्याचंही तसंच. खेळण्यासाठी घेतलेल्या पाकिटातला खाऊ तसाच पडून राहतो. पुढच्या वेळी लेकरू नवं खेळणं मागतं, खाऊ नाही. मग तुम्ही खाऊ विकताय की खेळणी?

आणि ज्वारी पौष्टिक आहे, हे आईला पटतं. लेकराला त्याचं काय? त्याला कुरकुरीत लागलं पाहिजे.

आता जरा आपल्याबद्दल. पार्लेची रोला-कोला गोळी बंद झाली होती. ती २०१९ मध्ये परत आली, कारण मोठ्या झालेल्या लेकरांनी ट्विटरवर हट्ट धरला. आठवण अशी गोड असते. पण आठवण काढणं वेगळं आणि रोज विकत घेणं वेगळं. आज आपण सगळे मैत्रिणींच्या प्रेमापोटी पाकिटं घेऊ. माझी विनंती आहे, ही विक्री हिशेबात धरू नका. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही ॲप पहिल्या आठवड्यात किती जणांनी घेतलं याला फारसा अर्थ नसतो. महिन्यानंतर किती जण ते उघडतात, ते बघतात.

म्हणून मशीनच्या आधी एक करा. हातानं केलेला खाऊ, रंग नाही, खेळणं नाही, इस्लापुरातल्या दोन किराणा दुकानांत पाच रुपयांना ठेवा. दुकानदाराला गावातली लेकरं ओळखीची असतात. चार आठवडे वहीत लिहून घ्या, कोणतं लेकरू परत आलं. चौथ्या आठवड्यातही येत असतील, तर कर्ज काढा. हप्त्याला मीही हातभार लावीन. येत नसतील, तर चव बदला. वही दहा रुपयांची आहे, मशीन लाखाची.