पावसातील धाव आणि सोबत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, आणि वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडण्याची सवय आम्हांस नसल्यामुळे आम्ही आपणापुढे उभे आहोत. आम्ही पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली, मुलांना गणित शिकविले, आणि दुसरे कोणी तयार नसे म्हणून कवायतीचा तासही घेतला. त्या कवायतीच्या तासाच्या बळावरच आजचा विषय आमच्या वाट्यास आला असावा.

विषयाचे कारण आपण जाणताच. साताऱ्यास सन २०१२ पासून डोंगरी अर्धमॅरेथॉन होते. गाव सोडून यवतेश्वराचा घाट चढावयाचा, कासच्या वाटेने पठारावर जावयाचे आणि आल्या वाटेने उतरावयाचे, अशी ती २१ किलोमीटरांची धाव आहे. ती पावसाळ्याच्या दिवसांत होत असल्याने अंगावर पाऊस, वर धुके आणि समोरून वारा असा योग पुष्कळदा येतो. आपल्या तरुण मंडळींनी यंदा तीत नावे दिली आणि मागील सभेत त्यावरून बराच वाद झाला. वडील मंडळी म्हणाली, "पावसात भिजून पोरे आजारी पडतील, हा नसता उद्योग कशाला?" तरुण म्हणाले, "पावसाने कोणी विरघळत नाही." दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. आमच्या अल्पमतीस असे वाटते की, दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत आणि राहिलेले अर्धे मोठ्या धोक्याचे आहे.

प्रथम वडील मंडळींकडे वळू. पावसात भिजल्यानेच सर्दी होते ही आपली जुनी समजूत. सर्दी होते ती विषाणूंमुळे. धावणाऱ्या निरोगी माणसास गार पाऊस शत्रू तर नव्हेच, उलट काही अंशी मित्र आहे. आपण धावतो तेव्हा स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे पाव हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या पाऊण हिश्शाची उष्णता होते. उन्हाळ्यात ही उष्णता शरीराबाहेर टाकता टाकता जीव मेटाकुटीस येतो. गार हवेत ते काम आपोआप होते. धावणारा माणूस म्हणजे चालती शेगडीच. शेगडी पेटलेली आहे तोपर्यंत चार थेंबांची मातबरी ती काय?

या बाबतीत आपल्याकडचा एक दाखला अभिमानाने सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने सन १९१९ मध्ये मैदानी सामने भरविले. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथे आपल्याकडील खेड्यापाड्यांतले गडी अनवाणी धावताना पाहिले, आणि यांना ऑलिंपिकास पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी स्वतःच्या पदरचा पैसाही घातला. पुढल्याच वर्षी जे पथक बेल्जममधील अँटवर्पला गेले, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनसाठी होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी ती शर्यत झाली. दिवस गार व पावसाळी होता, आणि अंतर नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे ४२,७५० मीटर होते. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन पहिला आला. आपले चौगुले सुमारे २ तास ५१ मिनिटांत १९ वे आले. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी, परक्या मुलुखात, परक्या हवेत एका बेळगावकराने एवढी मजल मारली. म्हणून वडील मंडळींना आमची विनंती अशी की, पावसाच्या भयाने मुलांना घरात कोंडू नका.

आता तरुणांकडे वळतो. येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगणे प्राप्त आहे. आजवर तो चारचौघांत बोललो नाही.

गोष्ट सुमारे ३० वर्षांपूर्वीची. घाटमाथ्यावर शालेय मुलांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होत्या आणि आम्ही आमच्या शाळेची सात मुले घेऊन गेलो होतो. श्रावणातला दिवस, सकाळपासून झिमझिम चालू होती आणि पठारावर वारा अंगाला झोंबत होता. आमचा एक विद्यार्थी, मोठा काटक मुलगा, तिसरा आला. आम्हांस कृतकृत्य वाटले. परंतु प्रमुख पाहुणे यावयाचे होते, म्हणून बक्षिसपात्र मुलांनी रांगेत उभे राहावे असा हुकूम झाला आणि आम्ही तो बिनतक्रार बजावला. सुती बनियन व चड्डी, दोन्ही चिंब भिजलेली, अशा वेषात ते पोर पाऊण तास उघड्यावर उभे राहिले.

ते थरथरू लागले तेव्हा आम्ही म्हणालो, "मर्दासारखा उभा राहा." बुटाची नाडी बांधावयास वाकले तर बोटे वळेनात. नाव विचारले तर उत्तर जड जिभेने, तुटक आले. आम्हांस वाटले, उद्धटपणा करतो आहे, आणि आम्ही त्यास रागे भरलो. थोड्या वेळाने त्याची थरथर थांबली. आता सावरला, असे आम्ही मनाशी म्हटले. मित्रहो, तीच सर्वांत वाईट खूण होती, आणि ती आम्हांस ठाऊक नव्हती!

ओळखले ते रस्त्याच्या कडेला चहाचे दुकान चालविणाऱ्या एका बाईने. ती रांगेत शिरली, मुलाला दंडाला धरून ओढीत आडोशास नेले, ओले कपडे उतरविले, अंग कोरडे पुसले, आपल्या घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी बसविले, आणि तो नीट गिळतो आहे असे पाहून गोड चहा घोट घोट पाजला. आमच्याकडे वळून ती एवढेच म्हणाली, "मास्तर, पोरगं थंडावलंय, दिसत न्हाई व्हय?" अर्ध्या तासाने ते पुन्हा थरथरू लागले, तेव्हा कोठे तिचा चेहरा उजळला. मुलगा वाचला. बक्षीस आम्ही त्याच्या वतीने घेतले. ते हातात धरण्याचीही आम्हांस लाज वाटली.

या विकारास डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. आपल्या शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. ती ३५ अंशांखाली गेली की हा विकार जडला असे समजावे. त्यासाठी हिमालयातले बर्फ लागत नाही. ओले अंग, वारा आणि थांबलेले पाय ही त्रयी पुरेशी होते. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता ओढून नेते. धावणे थांबले की शेगडी विझू लागते, पण ओले कपडे अंगास तसेच चिकटून राहतात. सुती कापड भिजले की त्याची ऊब गेलीच. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. आपल्याकडचे धनगर भर पावसात घोंगडी का पांघरतात, हे त्या दिवशी आम्हांस कळले. आधी थरथर, मग बोटे न वळणे, मग जीभ जड होणे व पाय अडखळणे, मग बुद्धीचा गोंधळ. इतके झाल्यावर, उब आलेली नसताना थरथर थांबली, तर ती प्राणावर बेतल्याची खूण समजावी व रुग्णास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या चुकीतून एक मूल वाचले. दुसरीकडे दैव इतके उदार नव्हते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, पीतनदीच्या काठच्या डोंगराळ मुलुखात १०० किलोमीटरांची धाव झाली. १७२ जण धावावयास निघाले. वाटेत हवा एकाएकी फिरली. गार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. पुष्कळांच्या अंगावर आखूड चड्डी व पातळ सदरा एवढेच होते, कारण वाराबंद जाकीट बरोबर घ्यावे अशी केवळ शिफारस होती, सक्ती नव्हती. उभ्या चढणीवर, मदत पोहोचण्यास कठीण अशा जागी ते गाठले गेले. २१ जण मरण पावले, आणि त्यांत त्या देशातले नामांकित धावपटू होते. ताकद कमी पडली म्हणून ते गेले असे म्हणता येत नाही.

त्याच दिवशी झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसामुळे जवळच्या गुहेत आसऱ्यास बसला होता. त्यास बाहेर एक धावपटू दिसला. त्याने त्यास आत आणले, जाळ केला, पांघरूण दिले. पुढे आणखी काहींना आणले. एकूण सहा जणांचे प्राण त्या मेंढपाळाने वाचविले. ही हकीगत वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती चहावाली बाई उभी राहिली. शर्यतीच्या व्यवस्थापकांस जे दिसले नाही, ते एका मेंढपाळास दिसले. मास्तरास दिसले नाही, ते चहावालीस दिसले. यातून आम्ही एक धडा घेतला. गार पावसात माणूस स्वतःची अवस्था स्वतः ओळखू शकत नाही, कारण ओळखणारी बुद्धीच बधिर होते. म्हणून त्यास दुसऱ्याचे डोळे लागतात. सोबत ही येथे भूषणाची वस्तू नाही. ती कोरड्या कपड्याइतकीच गरजेची आहे.

कोणी म्हणेल, सोबत्याकडे पाहत बसलो तर जिंकणार कसे? त्यास १६ एप्रिल २०१८ च्या बॉस्टन मॅरेथॉनचे उत्तर आहे. त्या दिवशी तेथे उष्णता ३ ते ४ अंश, पावसाचा मारा आणि समोरून वारा होता. मोठमोठे धावपटू वाटेतच गळाले. डेझिरे लिंडेन या बाईस आरंभीच इतके अस्वस्थ वाटू लागले की, तिने आपली प्रतिस्पर्धी शॅलेन फ्लॅनगन हिला सांगितले, मी बहुधा शर्यत सोडीन, तोवर तुला काही मदत लागली तर सांग. पुढे फ्लॅनगनला देहधर्मासाठी थांबावे लागले, तेव्हा लिंडेनने वेग कमी केला, तिच्यासाठी थांबली आणि तिला पुन्हा घोळक्यात आणून सोडले. आणि अखेरीस जिंकली कोण? हीच लिंडेन, २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत! १९८५ नंतर तेथे अमेरिकन स्त्री प्रथमच पहिली आली. पुरुषांत पहिला आला तो जपानचा युकी कावाउची. त्या वेळी तो एका सरकारी हायस्कुलाच्या कचेरीत नोकरी करीत असे आणि नोकरी सांभाळून धावण्याचा सराव करी. आमच्यासारख्या शाळेत जन्म घालविलेल्या माणसास त्याचे विशेष कौतुक वाटले.

आपल्याकडे याहून जुना पाठ आहे. आषाढात आळंदी-देहूहून पंढरीस जाणारी वारी डोक्यावर पाऊस घेऊनच चालते. त्यांत सत्तरीच्या म्हाताऱ्याही असतात. त्यांना चालविते ती दिंडी. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कोण आले, कोण मागे राहिले, हे शेजाऱ्यास कळते.

म्हणून आम्ही मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवीत आहोत. मुलांनी जोडीजोडीने धावावे आणि जोडीदारास दर थोड्या वेळाने बोलते करावे. बोलणे अडखळले तर दोघांनीही थांबावे. धावताना सुती बनियन घालू नये, आणि वारा अडविणारे हलके जाकीट कमरेस बांधावे. शेवटच्या रेषेपाशी प्रत्येकाच्या नावाची पिशवी घेऊन आपली वडील मंडळी उभी राहावीत. तीत कोरडे कपडे, पंचा, कानटोपी व घोंगडी असावी. आधी कपडे बदलावे, मग छायाचित्र आणि सत्कार. गोड चहा तयार ठेवावा. मद्याने ऊब येते ही समजूत खोटी व घातक आहे, कारण त्याने अंगातली उष्णता अधिकच बाहेर जाते. आणि शेवटची सूचना तरुणांना. हवा बिघडली, अंग साथ देईना, तर परत फिरावे. परत फिरण्यात नामुष्की नाही. डोंगर पुढल्या वर्षीही तेथेच असतो.

या सूचनांत वडील मंडळींनाही काम आहे हे आपल्या ध्यानात आले असेलच. विरोध करून घरी बसण्यापेक्षा पिशवी धरून रेषेपाशी उभे राहणे अधिक उपयोगाचे. आपले मंडळ तरी दुसरे काय करीत आले? शिकणाऱ्यास फी, परगावी गेलेल्यास निवारा, अडलेल्यास हात, हे सारे पिशवी धरून उभे राहणेच होय.

जाता जाता एक सांगतो. तो थंडावलेला मुलगा आज आपल्या ज्ञातीतील एक प्रतिष्ठित गृहस्थ आहे. यंदाच्या यादीत त्याच्या कन्येचे नाव आहे. मागील सभा संपल्यावर तो आमच्याकडे आला. तो विरोध करील, आणि त्यास तो हक्कही आहे, असे आम्हांस वाटले होते. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, तिला जाऊ देतो. पण शेवटच्या रेषेपाशी तुम्ही उभे राहाल ना?"

आम्ही होकार दिला आहे. गुडघे कुरकुर करतात, परंतु त्या दिवशी पहाटेपासून आम्ही घोंगडी घेऊन तेथे उभे असू. आपणांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी सोबत यावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.