संत्र्याचा चोथा थुंकू नका



आपला नागपूर जिल्हा संत्र्यांचा. काटोल-नरखेडकडे बागाच बागा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची होळीच्या सुमारास. संत्री आपण सारेच खातो. पण कशी खातो? पांढऱ्या शिरा सोलून टाकतो, फोड चोखतो आणि चोथा थुंकतो. आज मला त्या चोथ्याविषयीच सांगायचं आहे.

आपल्या आतड्याला आतून एक भिंत असते. तुम्ही म्हणाल, भिंत चांगली जाड असेल. नाही! पेशींची एकच रांग, एवढीच ती भिंत. तिच्यावर एक बुळबुळीत थर असतो. मातीच्या भिंतीला सारवण असतं ना, तसा. अन्नाचा रस या भिंतीतून रक्तात जातो. रोगजंतूंना मात्र ती अडवते.

मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. ते सगळेच वाईट नसतात. पुष्कळसे आपले गडीच आहेत. संत्र्याच्या चोथ्यात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. तो आपल्याला पचत नाही, पण या गड्यांना पचतो. तो खाऊन ते एक आम्ल तयार करतात. त्या आम्लावर भिंतीच्या पेशी पोसतात. आणि गडी उपाशी राहिले तर? तर ते सारवणच खाऊ लागतात! उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसून आलं आहे.

पांढऱ्या शिरांत हेस्परिडिन नावाचं द्रव्य असतं. तेही भिंतीला बळ देतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसांत ते अजून पक्कं ठरायचं आहे.

संत्री बारा महिने नसतात. गड्यांना तर रोज खायला लागतं. मग काय करावं? ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, हरभरा, पालेभाजी ताटात ठेवा. १०० ग्रॅम ज्वारीत असा चोथा सुमारे १० ग्रॅम असतो. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम लागतो. पण आपण चांगला माल बाजारात धाडतो आणि पोरांच्या हाती मैद्याचा बिस्किटपुडा देतो. त्यात गड्यांसाठी फारसं काही नसतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बागेत फवारणी होते, म्हणून संत्रं धुऊन मगच सोला. आणि चोथा हे औषध नव्हे. पोराला हगवण लागली तर ओआरएसचं पाणी पाजा. शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

घरची भिंत आपण सारवतो. पोटातल्या भिंतीचं सारवण आपल्या ताटातून होतं.