लांकडी पाणबुडी आणि एक दोर



अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांत ओल्ड सेब्रुक नांवाचें गांव आहे. तेथील एका शिक्षकानें विद्यार्थ्यांना हाताशीं धरून जुन्या लांकडी पाणबुडीची प्रतिकृति बांधली आणि २००७ सालीं ती पाण्यांत सोडली. जन्मभर मुलांत वावरलेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हाच कीं, आंत बसणाराच्या जिवाची हमी काय?

मूळ पाणबुडी डेव्हिड बुशनेल ह्याची, १७७५ सालची. दोन कासवांच्या पाठी एकमेकींस जोडाव्या तसा आकार, म्हणून नांव 'टर्टल', म्हणजे कासव. आंत माणूस एकच. मळसूत्री वल्हें तो हातानें फिरवी. पायानें झडप दाबून पाणी आंत घेतलें कीं नाव खालीं जाई, आणि पितळी पंपांनीं तें उपसलें कीं वर येई. १७७६ च्या सप्टेंबरांत सार्जंट एझ्रा ली हा न्यूयॉर्कच्या बंदरांत 'ईगल' ह्या इंग्रज जहाजाच्या तळाशीं सुरुंग लावावयास गेला. त्याचा स्क्रू तळांत बसेना, व तो हात हलवीत परतला. इतिहासकार ह्याला अपयश म्हणतात. पण तो जिवंत परतला हें कोणी फारसें बोलून दाखवीत नाहीं.

कारण दोनच वर्षांपूर्वीं, १७७४ सालीं, इंग्लंडांत प्लिमथ येथें जॉन डे नांवाचा इसम एका गलबतांत बंद खोली करून पैजेखातर समुद्रांत उतरला होता. वर येण्याच्या वेळीं सोडून द्यावयाचे दगड त्यानें बाहेर टांगलेले होते. तो शंभर फुटांखालीं गेला, तो गेलाच. तेवढ्या खोलीवर एका चौरस फुटावर सुमारें ६,४०० पौंडांचा भार पडतो. दहा फुटांवर तोच ६४० असतो.

बुशनेल निराळ्या वृत्तीचा होता. १७८७ सालीं जेफर्सनला पाठविलेल्या पत्रांत तो सांगतो कीं, नावेची मजबुती अजमावल्याशिवाय त्यानें कोणास फार खालीं जाऊं दिलें नाहीं. आणि माणूस तरबेज होईपर्यंत नावेला भक्कम दोर बांधल्याशिवाय पाण्याखालीं सोडलें नाहीं. मूळचे नकाशे उपलब्ध नाहींत, सर्वत्र छापलें जाणारें चित्र १८७५ सालचें आहे. म्हणून बांधणाराला आधार मुख्यतः ह्या पत्राचा. दोर बांधल्यानें खरेपणा उणावतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें पत्र वाचावें.

तळाच्या ९०० पौंड शिशापैकीं २०० पौंड दोरानें खालीं सोडण्याची सोयही ठेवावी. भार उतरतांच नाव वर उसळते. झाकण आंतून व बाहेरून, दोन्हींकडून उघडतां येई. परंतु त्यावर भिस्त ठेवूं नये. दोन चौरस फुटांच्या झाकणावर तीन फूट पाणी असलें तरी जवळजवळ ३८४ पौंडांचा दाब असतो. बाहेर उघडणारें झाकण तेथें एकट्यानें रेटणें अशक्यच.

एके ठिकाणीं मात्र मूळ सोडावें. बुशनेल आंतली हवा अर्धा तास पुरते असें म्हणतो. प्राणवायु संपण्यापूर्वींच उच्छ्वासाचा कार्बन डायॉक्साइड सांठून डोकें जड होतें, विचार मंदावतो, आणि पंप मारावयाचा त्याच वेळीं हात चालेनासा होतो. वरून नळीनें ताजी हवा द्यावी. नळी दिसली तर दिसूं द्यावी.

आणि पहिल्या खेपेस माणूस बसवूंच नये. त्याच्या वजनाइतकीं वाळूचीं पोतीं आंत ठेवून, उथळ पाण्यांत, दोरावर नाव उतरवावी व तासाभरानें ओढून घ्यावी. पोतीं ओलीं निघालीं तर फळ्यांच्या सांध्यांना पुन्हां डांबर.