कितव्या फुटाला काय करायचं?



जुलै उजाडला की कोल्हापूरकर सकाळी एकच चौकशी करतात : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण आकडा ऐकून आपल्या गावानं काय करायचं, ते कुठं लिहिलेलं असतं?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं स्थानिक संस्थांवरही काम सोपवलंय. कर्मचारी तयार हवेत, साधनं लगेच वापरता येतील अशी हवीत. आराखड्याचा कागद तयार होतोही. त्यातल्या फोनच्या यादीत बदली होऊन गेलेले साहेब मात्र वर्षानुवर्षं जागेवर असतात!

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आता बास, म्हणून हात आडवा कुणी धरायचा, हे पाणी उंबऱ्याला लागल्यावर ठरत नाही. तेव्हा कोण कुणाचं ऐकणार?

आणि माणसं इतकी उशिरा का निघतात? आडमुठी म्हणून नाही. गोठ्यात दोन म्हशी असतात, त्यांच्या दुधावर घर चालतं. त्या दावणीला सोडून शाळेच्या वर्गात जाऊन झोप येईल का? म्हणून माझ्या मते आराखड्याचं पहिलं पान जनावरांचं हवं. छावणी कुठं, वैरण कोण आणणार, धारा काढायला कोण राहणार. जनावरं हलली, की घरची माणसंही मागोमाग निघतात.

दुसरं, गावाचा आपला आकडा काढा. बऱ्याच गावांत नदी समोरून येतच नाही. ओढा मागून फुगतो आणि घरात पाणी शिरायच्या आधी रस्ता बंद होतो. बंधाऱ्यावर किती फूट झालं की आपला रस्ता जातो, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि चावडीच्या भिंतीवर रंगवा. त्याच्या दोन फूट आधी अंथरुणाला खिळलेली माणसं आणि दिवस भरलेल्या बायका गावाबाहेर पोचल्या पाहिजेत. कुणाला कुणाच्या ट्रॅक्टरमधून न्यायचं, तेही नावानिशी लिहा. ट्रॅक्टर गावात रग्गड आहेत. डिझेलचे पैसे कोण देणार, याचा ठराव मात्र मे महिन्याच्या ग्रामसभेतच करून ठेवा.