सुतकातले प्रेम

निषिद्ध प्रेमावरच्या चित्रपटांविषयी धारवाडात बोलायचे, तर आरंभ ‘संस्कार’पासून करावा लागतो. यु. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीची पटकथा लिहिली आणि त्यात प्राणेशाचार्य साकारले ते आपल्या गिरीश कार्नाडांनी. इथल्याच कर्नाटक कॉलेजात शिकलेल्या या तरुणाने तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती.

1970चा हा चित्रपट पट्टाभिराम रेड्डींचा. नट बहुतेक रंगभूमीवरचे, छायाचित्रकार टॉम कोवन ऑस्ट्रेलियाचा, चित्रण मलनाडात. सेन्सॉरने आधी बंदी घातली. ती उठल्यावर याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नडला तो पहिल्यांदाच.

माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. तो चंद्री या खालच्या जातीच्या बाईबरोबर राहिलेला. त्याला अग्नी कोणी द्यायचा? प्रेत उचलेपर्यंत कोणाला पूजा करता येत नाही, जेवता येत नाही. प्राणेशाचार्य पोथ्या चाळतात, मारुतीला साकडे घालतात. उत्तर मिळत नाही. चंद्री अंगावरचे दागिने काढून ठेवते, तेव्हा मात्र नकार देणाऱ्यांचीच नजर सोन्यावर खिळते. पुढे रानात आचार्य आणि चंद्री एकत्र येतात. आणि प्रेताच्या दहनाची सोय करते तीही चंद्रीच! ज्या प्रेमाला गाव पाप म्हणते, त्या प्रेमालाच मेलेल्या माणसाची चाड आहे. एवढे असूनही कॅमेरा आचार्यांच्या मागे जातो आणि चंद्री कथेतून निघून जाते, हे मला आजही खुपते. चंद्री झालेल्या स्नेहलता रेड्डींना आणीबाणीत तुरुंगात टाकले. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी 1977 मध्ये, त्या गेल्या.

गिरीश कासरवळ्ळींच्या ‘घटश्राद्ध’मध्ये तर गरोदर राहिलेल्या विधवेचे जिवंतपणीच श्राद्ध घातले जाते. रूढीला प्रेमाचा निकाल लावायचा असला, की ती मरणाचे विधी हाती घेते.

म्हणूनच रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी ‘साबर बोंडं’ मला फार मोलाचा वाटतो. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. वडील वारल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, अनवाणी चालणे, नातेवाइकांचा लग्नासाठी लकडा. त्यातच बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांचे प्रेम उमलते. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे. ती त्याच्या बाजूने उभी राहते. विधी तेच, गावही तसेच. पण इथे सुतकाचे दिवस दोघांना एकमेकांजवळ बसायला सवड देतात. दिग्दर्शकाला ही कथा स्वतःच्या वडिलांच्या सुतकातच सुचली. तिथे जी घुसमट सोसली, तिलाच त्याने माया लावली आहे.

‘संस्कार’ आणि ‘साबर बोंडं’ हे दोन्ही चित्रपट धारवाडात एकाच संध्याकाळी दाखवावेत, कन्नड आणि मराठी प्रेक्षकांनी शेजारी बसून पाहावेत आणि मग चंद्रीविषयी, त्या आईविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.